टॅपेट कव्हर आणि करीम मिस्त्रींचा कान

नांदेडच्या देगलूर नाक्यावर करीम मिस्त्रींचं घर विचारलं, तर लोक पत्ता सांगत बसत नाहीत, सरळ दारापर्यंत आणून सोडतात. आणि सोडता सोडता मिस्त्रींच्या कानाची एखादी कहाणी ऐकवतात. उमरीचा ट्रॅक्टरवाला म्हणतो, बोनट न उघडता त्यांनी सांगितलं, तिसरा पिस्टन गेलाय. कंधारचा जीपवाला म्हणतो, माझी गाडी अजून वळणावर होती तेव्हाच त्यांनी पाना हातात घेतला होता. यातलं निम्मं खोटं असेल. पण उरलेल्या निम्म्यावर मिस्त्रींनी चाळीस वर्षं इज्जतीत काढली. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान आता बंद झालंय. अंगणात बसून ते फक्त नाजूक कामं घेतात. धर्माबादहून लोक गाडी आणतात ती दुरुस्तीला कमी आणि मिस्त्रींनी ऐकावी म्हणून जास्त.

आणि नेमक्या याच माणसाला दोन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नव्हते.

ट्रकचा भोंगा, मशिदीतली अजान, गल्लीतलं भांडण, हे सगळं ऐकू यायचं. गेल्या त्या चिमण्या, फोनची रिंग आणि इंजनातली पातळ टिकटिक. मिस्त्रींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. लांब पेचकसाचं टोक इंजनाला लावून मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची ही त्यांची जुनी सवय. आता त्या पेचकसातून बोटांना जे समजेल त्यावर ते भागवत आणि मान डोलवत ‘हं, हं’ करत. लोक तेवढ्यावर खूश होते. नाव एकदा मोठं झालं की माणसाला फार काही करावं लागत नाही.

लातूरचे विरूपाक्षअप्पा डाळ मिलचे मालक. त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या एका नवाबाच्या घरातून दोन सीटची लाल विलायती स्पोर्ट गाडी घेतली होती, ती अप्पांनी जिवापाड जपली. सहा सिलिंडरचं लांबलचक इंजन आणि त्याच्या डोक्यावर दोन टॅपेट कव्हरं, म्हणजे वरची झाकणं. जुनी कव्हरं पोचे पडून तेल गळू लागली, तेव्हा अप्पांनी परदेशातून नवी मागवली. ॲल्युमिनियमची, इतकी चकचकीत की त्यात बघून दाढी करावी.

“चाचा, हे तुमच्याच हातानं बसवायचं,” अप्पा म्हणाले. “लातुरात मी कुणाला हात लावू देत न्हाई.” गाडी अंगणात लावून ते बसनं परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री कामाला बसले. जुनी कव्हरं उतरवली, झाकणाखाली तेल अडवायला बसवलेलं, आता चिकटून गेलेलं पॅकिंग पत्तीनं खरवडलं. नव्या कव्हरांबरोबर पॅकिंग आलंच नव्हतं. मिस्त्रींना त्याचा आनंदच झाला. त्यांनी कव्हर उलटं मांडलं, वर कॉर्कची शीट धरली आणि कडेवरून हातोडीचे हलके ठोके देत गेले. कडेची छाप उठत जाते आणि पॅकिंग नेमक्या मापाचं सुटून हातात येतं. हे काम त्यांचे हात झोपेतही करतील.

अडचण पुढं होती. कव्हरचे नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळायचे असतात. किती, ते मिस्त्री कानानं ठरवत. पॅकिंग दबून बसलं की नट बारीक कुरकुरतो, तिथं थांबायचं. काट्यावर जोर दाखवणारा टॉर्क पाना त्यांनी कधी घेतला नाही. ‘ज्याला कान नाही त्यानं काटा बघावा,’ असं ते भर दुकानात म्हणायचे आणि हे वाक्य अख्ख्या बाजाराला पाठ होतं. आता तो पाना मागायचा तर कोणत्या तोंडानं?

पहिलं कव्हर त्यांनी अंदाजानं बसवलं. दुसऱ्याच्या पाचव्या नटाला त्यांनी कुरकुरीची वाट पाहिली. काही आलं नाही. आणखी थोडा फिरवला. तरी नाही. आणखी थोडा, आणि एकाएकी पाना हातात हलका झाला. नटाच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. नव्या कोऱ्या ओतीव कव्हरला तडा.

मिस्त्री तिथंच फरशीवर बसले. ‘कास्टिंगच कच्चं होतं.’ तीन शब्द. अप्पा डोळे झाकून मान्य करतील, विकणाऱ्याला चार शिव्या देतील आणि गोष्ट मिटेल. हे शब्द किती पटकन सुचले याचीच त्यांना भीती वाटली.

खिचडी चुलीवर ठेवून दिलशाद बाहेर आली. नवरा-बायको घरात दखनी बोलतात. आपण मराठीत ऐकू.

“तीनदा ओरडला तो नट,” ती म्हणाली. “तुम्ही थांबलाच न्हाईत.”

“तुला काय समजतं त्यातलं?”

“चाळीस वर्षं आत बसून तुमचं काम ऐकून राहिले मी. माझे काय कान फुटलेत?” एवढं बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

मिस्त्रींनी झटकन मान वर केली. “कधीपासून माहीत हाय?”

“दोन रमजान झाले. कडी वाजली तरी तुम्ही उठेनात. तवापासून मी मागून हाक मारायचं सोडलं, समोर येऊन बोलते. तुमच्या ध्यानात तरी आलं का?”

आलं नव्हतं. आपण सगळ्या जगाला फसवतोय अशा गुर्मीत ते होते. मिस्त्रींना लाज वाटली आणि लाजेहून जास्त बरं वाटलं. दोन वर्षं ओझं एकट्यानंच वाहिलं असं नव्हतं तर.

मग फुटक्या कव्हरच्या जागी त्या बाजूचं जुनंच ठोकून सरळ केलं, नवं पॅकिंग घातलं. दिलशाद तेलाचा रिकामा डबा पालथा घालून शेजारी बसली. तिचं बोट वर झालं की थांबायचं, असं ठरलं. मिस्त्रींचा हात सवयीनं पाव फेरा पुढं जाऊ बघायचा आणि ती डोळे वटारायची. उस्ताद म्हणून ती त्यांच्याहून कडक निघाली.

दुपारी अप्पा आले. एक कव्हर झगझगीत, दुसरं पोचे काढलेलं. मिस्त्रींनी आधी तडा दाखवला. “माझ्या हातून गेलं, अप्पा.”

अप्पांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “कास्टिंग खराब असंल, चाचा. तुमच्या हातानं कधी काय तुटलंय?”

“कास्टिंग चांगलं होतं. मी जास्त आवळलं.”

अप्पा हसले. मिस्त्री मोठेपणानं दोष अंगावर घेतायत असंच त्यांना वाटलं. गल्लीतली चार माणसं जमली होती, त्यांनीही माना डोलावल्या. अप्पांनी गाडी चालू केली. इंजन घुमलं, तेवढं मिस्त्रींच्या छातीला कळलं.

“चाचा, आवाज कसा हाय?” अप्पांनी ओरडून विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पेचकस हातात होता. नुसतं ‘मस्त’ म्हटलं असतं तर गाडी लातूरला गेली असती आणि एक कहाणी वाढली असती. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला.

“मला ऐकू येत न्हाई, अप्पा. दोन वर्षं झाली. म्हणूनच जास्त आवळलं गेलं.” मग दारात उभ्या बायकोकडे हात करून म्हणाले, “आवाजाचं हिला विचारा.”

इंजन तेवढं चालू राहिलं. दिलशाद ओढणी सावरत गाडीपाशी आली. चार माणसांसमोर इंजनाबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं घाई केली नाही, मान तिरपी करून ऐकत राहिली.

“इंजन ठीक हाय,” ती शेवटी म्हणाली. “पण पुढच्या अंगाला कायतरी पातळ वाजतंय. नटाखाली एक वायसर बसला न्हाई.”

मिस्त्रींनी अप्पांना गाडी बंद करायला लावली, पाना उचलला आणि तिचे ओठ दिसावेत म्हणून तोंड तिच्याकडे वळवलं.

“कोणत्या बाजूचा?” त्यांनी विचारलं.