आडूची पेटी

सानगडीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर आडूची पेटी होती, पायाशी बारका इलेक्ट्रिक ओव्हन होता आणि नवरा मागे साकोलीच्या स्टँडवर बसलेला होता. त्याला तिथं मीच बसवून आले होते. बाबा 'ये' म्हणाले तर फोन करून त्याला बोलवायचं, नाही म्हणाले तर संध्याकाळी दोघांनी वरठी स्टेशनवरून रेल्वे धरायची आणि पुन्हा या रस्त्याला लागायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी ठरवलं होतं. तो नुसता म्हणाला, "बिना बुलाए मैं नहीं आऊँगा," आणि पाण्याची बाटली घेऊन पंख्याखालचा बाक शोधायला लागला.

दोन वर्षं बाबा माझ्याशी बोलले नव्हते. पुण्यात मी ज्या बेकरीत काम करते तिथंच, भट्टीवर, तो भेटला. कुमाऊँच्या डोंगरातला मुलगा, ना आमच्या जातीचा ना आमच्या भाषेचा. आम्ही कोर्टात लग्न केलं आणि घरी फोन केला. बाबांनी फोन आईच्या हातात दिला, तो आजपर्यंत परत घेतला नाही. आई चोरून बोलायची. गावात कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, आम्हाला एकच पोरगी, लाखांदूरला दिलेली. ती माझी मोठी बहीण. आणि माझ्या नवऱ्याला घरात नाव एकच होतं, भट्टीवाला. मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की आईशी बोलता बोलता मी फोन आपटायची. मग दुसऱ्या दिवशी मीच लावायची, कारण आईचा काय दोष.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी आडूची पेटी पाठवली. पुण्यात आम्ही त्यांना पीच म्हणतो आणि भाव सांगताना आवाज खाली आणतो, पण सासरी ती घरामागची झाडं आहेत. चीडच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या पानांत एकेक फळ निजवलेलं होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पहिली तोड लडकीच्या मायक्याला जाते, दोन वर्षं राहून गेली, आता पोचव. त्यांना काय सांगणार? की तिथं तुमच्या मुलाचं नाव घेत नाहीत? मी 'जी' म्हटलं आणि रात्रभर तळमळत राहिले.

घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत खाटेवर बसले होते. माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि भर उन्हात बांधीवर निघून गेले. त्या दिवसांत बांधीत ढेकळांशिवाय काही नसतं. धान पेरायला अजून अवकाश होता. एवढ्या उन्हात माणूस जातो म्हणजे काय समजायचं ते मी समजले.

"मी जातो वापस," मी आईला म्हटलं. चार वाक्यं बोलले नाही तोच जीभ गावावर आली होती.

"गप वं. आत ये पहिले," आई म्हणाली. "गेले हायत ते, चार वाजता चहाले येतेच. तोवर काय करून राहिली ते कर."

काय करायचं ते ठरलेलंच होतं. पीचचं कॉबलर. खाली शिजलेली फळं, वर लोणी-मैद्याचे गोळे आणि मग भट्टी. बेकरीत माझ्या हातचं कॉबलर संपायला वेळ लागत नाही. बाबांना गोड म्हणजे जीव की प्राण, आंब्याच्या दिवसांत ते भाताबरोबरही रसच घ्यायचे. मला त्यांना माझ्या हातचं खाऊ घालायचं होतं. भट्टीवाल्याची बायको काय करते ते त्यांच्या जिभेला कळावं, तोंडानं कबूल केलं नाही तरी, असं माझ्या मनात होतं.

आईच्या मनात वेगळंच होतं. पेटीचं झाकण उघडत ती हळूच म्हणाली, "हे पाय, कुठचे हायत म्हणून सांगू नको. नागपूरच्या बजारातून आणले म्हणजो. एकदा खाल्ले ना, मंग सांगू. खाल्लेलं काही बाहेर निघत नाही."

मला ते पटलं नाही. चोरून खाऊ घालायचं म्हणजे काय, मी काय विष आणलं होतं? पण आईचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. ती दोन वर्षं दोघांच्या मध्ये भरडली गेली होती, तिची ही एकच युक्ती होती.

पेटीतली वरची फळं प्रवासात तापून मऊ पडली होती, दोनचार डागाळली होती. आणखी एक दिवस ती टिकली नसती. गरम पाण्यात बुडवून मी त्यांची सालं ओढली, बिया काढल्या, फोडी केल्या. साखर, लिंबू आणि जरा दालचिनी घालून चुलीवर चढवल्या. वास सुटला तसं आईने दारातून डोकं आत घातलं.

"आंबट-गोड वास येऊन राहिला. जांबासारखा नाही, आंब्यासारखाबी नाही."

"आडूसारखा येऊन राहिला," मी म्हटलं. ती हसली नाही. कान दाराकडे होता.

वरच्या गोळ्यांना लोणी थंडगार लागतं, नाहीतर ते पिठात विरघळतं आणि सगळी लापशी होते. सानगडीत जूनच्या दुपारी थंडगार काय असतं? मी फ्रिजमध्ये लोणी ठेवलं, ओव्हन लावला आणि लाईन गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, ओव्हनचा लाल दिवा विझला. आई म्हणाली, आता पाच वाजेपर्यंत येत नाही, रोजचंच आहे.

मी ओट्यावर हात टेकून उभी राहिले. रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. एवढ्या लांबून ओव्हन वाहून आणला होता. चारला बाबा येणार, चहा पिऊन पुन्हा कुठंतरी निघून जाणार, आणि तो तिकडे स्टँडवर माझ्या फोनची वाट बघत बसलेला. त्याने एकदाही फोन केला नव्हता, त्याचंही मला त्या वेळी वाईट वाटलं.

आईने मात्र लोण्याचा डबा उचलला आणि माठाखालच्या ओल्या वाळूत पुरला. मग परसात जाऊन गोवऱ्या रचायला लागली.

"रोडगे भाजतो तसं भाजू. खाली इस्तू, वर इस्तू. त्याले काय होते?"

मला कधी सुचलं नसतं. बेकरीत आम्ही तापमानाचे आकडे बघतो. गोवऱ्यांचा आकडा कोणाला ठाऊक? पण दुसरा इलाज नव्हता. जाड बुडाच्या गंजात मी शिजलेले आडू ओतले. लोणी वाळूतून निघालं ते बऱ्यापैकी घट्ट होतं. बोटांच्या टोकांनी ते मैद्यात चोळलं, आंबट ताक घातलं आणि ओल्या पिठाचे गोळे फळांवर सोडले.

"वरणफळं करून राहिली काय?" आईने विचारलं.

"तसंच समज. फक्त वरण गोड हाय."

गोवऱ्या धगधगून बसल्या तेव्हा आईने निखारे पसरले, त्यावर गंज ठेवला, जड झाकण घातलं आणि झाकणावर आणखी निखारे रचले. मग आम्ही दोघी सावलीत बसलो. झाकण उघडायची सोय नव्हती, राख आत पडली असती. मी वासावर लक्ष ठेवून बसले होते. आई रस्त्यावर लक्ष ठेवून होती.

बसल्या बसल्या मोठीचा विषय निघाला. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. बाबा एसटीने लाखांदूरला जायचे, तांदळाची थैली, तिळाचे लाडू असं काहीबाही घेऊन. पण तिच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं खायचं नाही, हे बाबांचं पक्कं. एकदा मी सोबत होते. ताई पाण्याचा गडवा घेऊन उभी, बाबा ओठ कोरडे घेऊन बसलेले आणि परत निघालो तर स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी लागोपाठ तीन ग्लास पाणी रिचवलं. मी त्यांच्याशी भांडले होते. ताई दारात रडत होती आणि हे नियम पाळत होते. पुढं भाच्याचं बारसं झालं तेव्हा ताईच्या घरी त्यांनी पहिल्यांदा पाणी घेतलं. त्या नियमाचा मला तेव्हापासून संताप आहे, तसं मी आईला त्या दुपारीही ऐकवलं.

"अवं, पोरीवर जीव हाय म्हणून पाळते ते," आई म्हणाली आणि उठली. फाटक वाजलं होतं.

बाबा हातपाय धुऊन पडवीत बसले. आईने चिमट्याने निखारे सारले आणि झाकण उचललं. गोळे फुगून एकमेकांना लागले होते, वरून तांबूस, एका बाजूला जरा जास्तच करपलेले. कडेने आडूचा रस उकळत वर आला होता. बेकरीत असं दिसलं असतं तर मी परत पाठवलं असतं. पण वास बरोबर होता.

आईने वाटीत वाढलं, चमचा लावला आणि बाबांपुढे नेऊन ठेवलं. मी दारात उभी राहिले. बाबांनी वाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग चमचा उचलला, त्यावर थोडा रस आणि अर्धा गोळा घेतला आणि फुंकर घातली.

"कुठचे फळ हायत?" त्यांनी विचारलं. आईला, मला नाही.

"नागपूरच्या बजारातले," आई म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मलाच खरं वाटलं.

चमचा तोंडाशी गेला. मला गप्प राहायचं होतं, देवाशप्पथ राहायचं होतं. पण डोळ्यांपुढे सासूबाई आल्या, एकेक फळ पानांत निजवणाऱ्या, आणि स्टँडवर बसलेला तो.

"नागपूरचे नाहीत," मी म्हटलं. "माझ्या घरचे हायत. माझ्या सासूनं पाठवले तुमच्यासाठी."

बाबांचा हात थांबला. त्यांनी चमचा परत वाटीत ठेवला आणि वाटी हाताने दूर सारली. आईने डोळे मिटून घेतले. झालं, मी मनात म्हटलं. एका वाक्यात आईची दोन वर्षं मातीत घातली. आत जाऊन मी पिशवी खांद्याला लावली, ओव्हनची वायर गुंडाळली आणि पडवीतून सरळ बाहेर निघाले.

"कुठं निघाली?"

दोन वर्षांनी ऐकला तो आवाज. मी वळले नाही. "जाऊन राहिली. तुमाले माझ्या घरचं चालत नाही ना."

"कसं चालन?" बाबा म्हणाले. "लेकीच्या घरचं खाते का कोणी, लेकरू होत नाही तोवर? मोठीच्या घरी पाणी तरी पेलो होतो का मी?"

मी तिथंच उभी राहिले. आईने पदर तोंडाला लावला. काही क्षण मला नुसते शब्द ऐकू येत होते, मग त्यांचा अर्थ लागला. ताईला जो नियम होता तोच मला लागला होता. ज्यांना एकच मुलगी होती त्यांनी मला लेक म्हटलं होतं आणि माझ्या घराला लेकीचं घर. ज्या रीतीवर मी आयुष्यभर दात खाल्ले तिच्यापायी मी पिशवी खांद्यावर घेऊन भोकाड पसरलं.

"आता कायले रडून राहिली?" बाबा वैतागून म्हणाले. "अन् तो कुठं हाय?"

"साकोलीच्या स्टँडवर," आईने सांगितलं.

"सकाळपासून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी भात सांडल्यावर पाहायचे. "जावयाले स्टँडवर बसवते का कोणी? अक्कल कुठं ठेवली तुयी?"

खिळ्यावरची मोटरसायकलची चावी त्यांनी काढली. मी नाक पुसत म्हटलं, "तुमी वळखान कसे त्याले?"

"पाह्यला हाय," ते म्हणाले. "तुझ्या मायच्या मोबाइलमंदी." आणि गाडीला किक मारली.

मी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, कुठं हलू नको, बाबा तुला घ्यायला निघालेत. पलीकडे तो एकदम उभा राहिला असावा, बाटली पडल्याचा आवाज आला.

"गुस्से में हैं क्या?" त्याने घाबरत विचारलं.

"हाँ," मी म्हटलं, "मुझ पर." आणि बाबांनी सारलेली वाटी त्याच्यासाठी झाकून ठेवली.