आप्पांची बटनाची गाडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कांडीवरून सुटलेल्या सुतासारखं वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही उमगत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण लिहिताना कुणीतरी वाचतंय असं वाटतं, म्हणून.

माझे सासरे, आप्पा, विणकर होते आणि डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघायचे. दुकानात साडी दाखवली की ते तोंड भलतीकडे करून पदर चिमटीत धरायचे आणि सूत कुठलं, माग कसला ते सांगायचे. भाजी घेतानाही तसंच. भाजीवाली चिडायची, "आप्पा, घ्यायची तर घ्या, कुरवाळताय कशाला?" आप्पा म्हणायचे, "हात लावल्याबिगर मला कळत न्हाय, बाई."

दुसरी सवय म्हणजे चूक झाली की ते मागाची माफी मागायचे. आडवं सूत नेणारा धोटा अडकला, सूत तुटलं, की माग बंद करून त्याच्या लाकडावर हात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "चुकलं गं बाई माझं." बेळगावच्या वडगावात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, सासूबाईंशी बोलतायत. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

मी निपाणीकडच्या खेड्यातली. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही, आणि मी मुळात कुणासमोरच बोलत नाही. आठ वर्षं मी आप्पांशी "जेवायला वाढलंय" आणि "चहा ठेवलाय" याच्यापुढे गेले नव्हते. तेही दाराच्या चौकटीतून. आप्पांनी कधी तक्रार केली नाही. मला काही सांगायचं असलं तर ते मागाला सांगायचे आणि मी बाजूला बसून सुताच्या कांड्या भरता भरता ऐकायची.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, विणकामात कधी बसले नाहीत. साड्या मोटारसायकलवर बांधून बेळगावच्या पेठेत पोचवायचे. पिरनवाडीच्या वळणावर त्यांचा अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यासाठी चार मागांतले दोन विकावे लागले. नकली पाय मिळाला, तो खुंटीला टांगलेला असायचा. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. साड्या दुसराच एक माणूस न्यायचा आणि त्याची हमाली गेल्यावर हातात फार थोडं उरायचं. पण आप्पांना हमालीचं दुःख नव्हतं. ते मागाला म्हणायचे, "पोरगं बोलाय इसरलं गं."

एक दिवस विकलेल्या मागाच्या रिकाम्या जागेत आप्पांनी अपघातातली मोडकी मोटारसायकल आणून उभी केली. यांच्यासाठी ती पुन्हा बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मागच्या बाजूला आधाराची दोन चाकं, आणि पायाचा ब्रेक हाताशी. राहता राहिली किक. उजवा पाय नाही म्हटल्यावर किक कोण मारणार? म्हणून बटनावर सुरू होणारं इंजिन हवं होतं. ते भंगारबाजारात होतं, आप्पांकडे पैसे नव्हते.

माझ्याकडे भिशीचे आठ हजार होते. मी ते कांड्यांच्या डब्यात ठेवून डबा आप्पांच्या मागाशेजारी सरकवला. आप्पांनी डब्यात हात घातला, नोटा बोटांनी चाचपल्या, आणि मागाला म्हणाले, "हे उसनं हाय. सगळं फेडल्याबिगर मी जाणार न्हाय, सांग तिला."

वडगावात दुपारी लाइट जाते. माग थांबले की एवढी शांतता होते की शेजारची भांडी ऐकू येतात. त्याच वेळात आप्पा गाडीवर काम करायचे. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बाजूची चाकं जोडून दिली आणि लांब उभं राहून विचारलं, "आप्पा, ह्याला गाडी म्हणायची का माग?" आप्पा म्हणाले, "आधी पळू दे, मग नाव ठेव." खाटेवरून हे एकदाच बोलले, "खुळ्यागत काय करतायसा आप्पा? मला न्हाय बसायचं त्यावर." आप्पांनी पाना खाली ठेवला नाही.

सांगाडा तयार झाला. आप्पांनी त्याला हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात दिले, बोट फिरवून कुठे खरखर लागते का पाहिलं. मग वायरिंग आली आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली.

आप्पांनी वायरचं एकच मोठं बंडल आणलं होतं, सगळी काळी, कारण बंडल स्वस्त पडतं. हेडलाइटची कुठली, हॉर्नची कुठली, दुसऱ्या दिवशी त्यांनाच कळेना. सगळ्या तारा मांडीवर घेऊन बसायचे, एक ओढली की तीन हलायच्या. एका दुपारी ते जेवून लवंडले तेव्हा त्यांनी जोडणीसाठी कागदावर काढलेली चित्रं पाहून मी एकेक तार शोधली आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना उरलेलं रेशीम बांधलं. हॉर्नला जांभळं, मागच्या दिव्याला लाल, बटनाला पिवळं. आप्पा उठले, गाठी बोटांनी तपासल्या, आणि गाडीला म्हणाले, "बघ गं, घरात कोणतरी शाणं हाय."

पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा धूर आला. तारेचं वरचं प्लास्टिक वितळून रेशमाची पिवळी गाठ जळाली. आप्पांनी टाकीवर हात ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. मग जळालेली तार खिशात घालून टिळकवाडीकडच्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. परत आले ते हसतच. तो म्हणाला होता, की स्टार्टरला करंगळीएवढी जाड तार लागते आणि आप्पांनी तिथे केसासारखी बारीक लावली. "काय करायचं," आप्पा मागाला सांगत होते, "जलमभर बारीक सुताला भाव दिला. बाजारात बारीक तार बघितली, वाटलं हीच भारी असणार."

जाड तार आली, आणि बॅटरीपासून सांगाड्याला जाणारी दुसरी तारही आप्पांनी जाड घेऊन नव्या जागी आवळली. आता धूर येत नव्हता, पण बटन दाबलं की नुसतं 'टक्' व्हायचं. इंजिन फिरत नव्हतं. आप्पांनी बॅटरी दोनदा चार्ज करून आणली. सगळे जोड सोडून पुन्हा बांधले. पंधरा दिवस रोज दुपारी तेच, टक्, टक्. खाटेवर हे उशी कानावर घ्यायचे. सोळाव्या दिवशी आप्पा काही न करता गाडीपाशी बसून राहिले. त्यांची बोटं पहिल्यांदाच रिकामी दिसली मला. मग म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलवतो. त्या पोरीचं पैसं तरी निघतील."

मला इलेक्ट्रिशियनचं आणखी एक बोलणं आठवत होतं, आप्पांनीच मागाला सांगितलेलं. करंट बॅटरीतून एका तारेने जातो आणि परत येताना गाडीच्या लोखंडातून येतो. लोखंडातून. बॅटरीची दुसरी तार सांगाड्याला बोल्टने आवळलेली मला समोर दिसत होती. तिच्याखाली हिरवा रंग होता. तीन हात दिलेला.

मी चौकटीतून आत आले.

"आप्पा, ती तार रंगावर बसलीया. लोखंडाला नीट लागलीच न्हाय."

आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे नाही. मग बोल्ट सोडून त्याखाली बोट घातलं. बोट फिरवत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "गुळगुळीत हाय. रंगच हाय." चाकूने त्यांनी रुपयाएवढी जागा खरवडली, आतलं लोखंड चकाकलं. तार पुन्हा आवळली. हात पुसले, पण बटनाला लावले नाहीत.

"पोरी," ते मला म्हणाले, मागाला नाही, "तू दाब."

मी नको म्हणून मान हलवली. तेवढ्यात पाठीमागे कुबडीचा आवाज झाला. हे खाटेवरून उठून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या दोघांच्या मधून हात घालून त्यांनी बटन दाबलं.

इंजिन असं सुरू झालं की खिडकीची काच वाजली. आप्पांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. हे रागावल्यासारखे म्हणाले, "आप्पा, ह्याचा ब्रेक लई घट्ट हाय. कसा धरायचा ह्यो?" चार महिन्यांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

पुढे आरटीओचे कानडी फॉर्म झाले, खुंटीवरचा पाय खाली आला. हे पुन्हा साड्या घेऊन पेठेत जाऊ लागले. लोक वळून बघायचे, हिरव्या गाडीला आणि तारांवरच्या रेशमी गाठींना. गाठी आप्पांनी काढू दिल्या नाहीत. आणि मी आप्पांशी बोलू लागले. फार नाही, पण मागाला मधे न घेता.

माझे पैसे ते दर महिन्याला फेडत. हातात कधी दिले नाहीत. कांड्यांच्या डब्यात नोटांची सुरळी असायची, रेशमाने बांधलेली, विणकराच्या बारीक गाठीने. ती गाठ नखाने सोडावी लागायची.

गेल्या थंडीत आप्पांना ताप आला आणि तो उतरलाच नाही. शेवटच्या दिवशी हे उशाशी बसले होते आणि आप्पांच्या अंगावर जुन्या साड्यांची वाकळ होती. तिचा कोपरा चिमटीत धरून ते म्हणाले, "तुझ्या सासूची साडी हाय ही. लग्नातली." मी उलटून पाहिलं. भिंतीवरच्या त्यांच्या लग्नाच्या फोटोतलाच काठ होता, खरंच ती होती. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझं दोन हजार ऱ्हायलं, पोरी." मी म्हटलं, राहू दे आप्पा. त्यांनी मान हलवली, राहू दे म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही.

तेराव्यानंतर मी पुन्हा कांड्या भरायला बसले. राहिलेल्या पैशांचा विषय मी कुणापाशी काढला नव्हता. दोन महिने गेले. काल डब्यात हात घातला तर बोटांना सुरळी लागली. पिवळं रेशीम होतं, पण गाठ बुटाच्या नाडीसारखी मोठी, दोन फासांची. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारतो, ज्याला विणकाम येत नाही. बाहेर गाडीचं बटन दाबल्याचा आवाज आला, हे पेठेकडे निघाले होते.

गाठ ओढताच सुटली. मी नोटा मोजल्या. दोन हजार, पूर्ण.