अण्णांच्या खिशातला पंधरवडा

सोपानअण्णांची एकसष्टी होते आहे आणि त्यांच्यावर लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण या लेखात मला एक कबुलीही द्यायची आहे. ती कित्येक वर्षं माझ्या मनात अडकून पडली आहे.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी कळंबच्या एका शाळेत चित्रकलेची हंगामी शिक्षिका म्हणून रुजू झाले. जवळच्या निरगुडसर गावी कोणी हातानं पेनं घडवतात आणि त्यांवर चित्रं काढतात असं ऐकून एका रविवारी पाहायला गेले. पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा लेथवर शिसवाचा तुकडा फिरवत होते. फळीत उभ्या ठोकलेल्या सायकलच्या तारांवर रंगवलेली पेनं वाळत होती. एकावर बोटभर जागेत अख्खा आठवडे बाजार होता, मेथीच्या जुडीसकट. मी म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकातलं?" अण्णा म्हणाले, "पुस्तकातलं काढायचं तर पुस्तकच घ्यावं की लोकांनी. आपन बगितलेलं काढावं." त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. ते वयानं थोरले असूनही मला कायम 'बाई' म्हणत आले.

अण्णांची शिस्त कडक आहे. चित्र वाळलं की वॉर्निशचे सहा हात द्यायचे, प्रत्येक हात पातळ, आणि एक पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. मधे ओल्या पॉलिश पेपरनं इतकं हलकं घासायचं की आपल्यालाच शंका यावी. एवढं झालं तरी पेन गिऱ्हाइकाला मिळत नाही. ते पंधरा दिवस अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात राहतं. शेतात, एसटीत, घामात आणि चुन्याच्या डबीशेजारी टिकलं, तरच ते पास. त्यांच्या हातून कच्चं पेन बाहेर पडलं असं उभ्या आंबेगाव तालुक्यात कोणी म्हणू शकत नव्हतं.

तशी पेनं एकदाच बाहेर पडली, आणि ती माझ्यामुळे.

आमच्या शाळेतल्या बारा मुली त्यांच्या घरातल्या पहिल्या दहावी पास झालेल्या होत्या. त्यांना अण्णांची पेनं द्यायचं ठरलं. अण्णांनी चित्रं माझ्यावर सोपवली. प्रत्येक मुलीला तिच्या दारासमोर काय दिसतं ते विचारून मी काढलं. रंगवताना विचारात पडले की वेणीवरून बोटं फिरवायची माझी सवय. केसांना घरचं खोबरेल चोपडलेलं, आणि त्याच बोटांनी पेन धरलेलं. पेनं देण्याच्या समारंभाची तारीख तोंडावर आली तेव्हा खिशातला पंधरवडा या वेळी वगळा, अशी मीच अण्णांना गळ घातली. ते दोनदा "न्हाई" म्हणाले. तिसऱ्यांदा माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी पेनं बांधून दिली.

महिन्याभरात पेनांची सालं निघू लागली. मुलींच्या बोटांना रंग लागला. अण्णांनी एक पेन भिंगाखाली धरलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. तेलाचे डाग नेमके माझ्या बोटांएवढे होते. मला दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराशी पाण्याची बादली आणि साबण दिसला, एवढंच. मुख्याध्यापकांना मात्र त्यांनी सांगितलं, "वार्निश कच्चं व्हतं. घाई माजीच." मी शेजारी उभी होते. माझा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात सहीसाठी गेला होता. मी भ्यायले आणि तोंड उघडलं नाही. गोष्ट पसरली. पुण्याच्या एका दुकानदारानं अण्णांची पेनं घेणं बंद केलं आणि पुढं दोन वर्षं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

अण्णा मात्र गावोगाव फिरून पेनं गोळा करू लागले. डिंभ्याला मी त्यांच्याबरोबर होते. एसटी आलीच नाही, म्हणून दुधाच्या टेम्पोतून गेलो. तिथल्या मुलीचे वडील धरणावर मासेमारी करायचे. तिच्या पेनावर मी वाळत घातलेली जाळी काढली होती. त्यातली निम्मी उडालेली. तिनं पेन पाठीमागं धरलं. "दिल्यालं माघारी घेत्यात व्हय? मी न्हाई द्यायची."

अण्णा ओट्यावर बसले. "माघारी न्हाई गं, दवाखान्यात नेतोय." मग त्यांनी खिशाला लावलेलं स्वतःचं पेन काढलं, त्यांनी घडवलेलं अगदी पहिलं. "ह्ये ठिव तुज्यापाशी. तुजं आनलं की मग माजं दे."

बाराही पेनं घासून कोरी केली. मी साबणानं हात धुऊन बाराही चित्रं पुन्हा काढली. सहा हात झाले. चार-चार पेनं खिशाला लावून अण्णा हिंडायचे तेव्हा मंचरच्या बाजारात लोक चेष्टा करायचे, "काय राव, परीक्षेला बसलाय का?" अण्णा हसायचे. पंधरवडा भरल्यावर आम्ही पुन्हा डिंभ्याला गेलो. त्या मुलीनं आधी जाळ्यावर नख ओढून पाहिलं, दोनदा, आणि मगच अण्णांचं पेन परत केलं. अण्णांना तिचं फार कौतुक वाटलं.

मी कायम झाले. अण्णांचं नावही पुढं पुन्हा उभं राहिलं, आज त्यांची पेनं पार परदेशात जातात. तरी अजून कुठल्याही लग्नाच्या मांडवात जेवताना कोणीतरी हसत म्हणतंच, "अण्णा, त्या बारा पेनांचा रंग उडाला व्हता न्हाई?" अण्णा मान हलवतात आणि मी ताटात बघते.

गेल्या आठवड्यात हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तेवढं खोडा बाई. तुमच्या शाळंतली पोरं वाचत्यात." मी नाही म्हणाले. मग ते म्हणाले, "मंग ह्येबी लिवा, का दुसऱ्यांदा काढलेली चित्रं लई चांगली व्हती."

लिहिलं आहे, अण्णा. आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि आपला हात असाच स्थिर राहो. मंडळींना एकच विनंती, यापुढे त्या बारा पेनांचा विषय निघाला तर नाव माझं घ्यावं.

रेखा वायाळ
चित्रकला शिक्षिका, कळंब