झुंबरबाईचं रडणं

झुंबरबाईला रडता येत नाही, असं सगळा गाव म्हणायचा. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात तिच्याएवढी तोंडाळ आणि हसरी बाई दुसरी नव्हती. नवरा पटकीनं गेला तेव्हा शेजारणी गळा काढून रडत होत्या आणि ही कोरड्या डोळ्यांनी विचारत होती, बैलांना पाणी दाखवलं का कुणी. दगडाच्या काळजाची आहे, असं बायका मागून बोलल्या. पण त्याच बाईनं एकटीनं रान कसलं, एकुलती एक भागू वाढवली आणि राजूरकडच्या खात्यापित्या घरात दिली. तिथंच ती फसली. घर पाहिलं, दावणीची जनावरं पाहिली, जावई पाहायचा राहिला.

जावयाचं नाव भुजंग. भागू दोनदा मार खाऊन माहेरी आली आणि दोन्ही वेळा पंचांनी तिला परत नांदायला धाडलं. पंचांत झुंबरबाईचा सख्खा दीर पुंजारामही होता. दुसऱ्या वेळी त्यानंच तिला गाडीत घालून नेऊन सोडलं आणि वर चहा पिऊन आला. तिसऱ्या वेळी भागू कपाशीत लपतछपत, कुठं पऱ्हाटीखाली झोपत, बऱ्याच दिवसांनी पोचली. पाठीवर तापल्या विळ्याचे डाग होते.

"माय, आता धाडलंस तर मी जित्ती राहत न्हाई," एवढंच ती म्हणाली.

सुगीचे दिवस होते. सारा गाव ज्वारी काढायला रानात गेला होता, म्हणून तिला येताना कुणी पाहिलं नाही. घराच्या मागच्या भिंतीत बळद होतं, ज्वारी साठवायची अंधारी कोठी. वरच्या बाजूला एक माणूस उतरेल एवढं तोंड, त्यावर फळी. झुंबरबाईनं लेकीला त्यात उतरवलं. जालन्याला कापसाच्या गाड्या निघाल्या की शेजारची लालबी तिला आपल्या नवऱ्याच्या गाडीतून नेणार आणि तिथं सरकी काढायच्या जिनात कामाला लावणार, असं दोघींनी ठरवलं. तोवर कसंबसं निभवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी भुजंग चार माणसं घेऊन दारात उभा. घर बघू द्या म्हणाला. झुंबरबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली, पण चार गड्यांपुढं ती किती टिकणार? तेवढ्यात शिवेकडून आरडाओरडा आला. तिथल्या विहिरीत बाईचं मढं वर आलं होतं.

तोंड ओळखू येत नव्हतं. अंगावर हिरवं लुगडं होतं, जसं दहा घरच्या सुनांच्या अंगावर असतं. पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, नाकाला रुमाल लावला आणि झुंबरबाईला म्हणाले, "तेरी बेटी है क्या? बराबर देखके बोल."

भुजंग शेजारीच उभा होता. नाही म्हटलं असतं तर तो तिथून सरळ घरात शिरला असता. झुंबरबाईच्या तोंडून विचाराच्या आधीच शब्द गेला.

"व्हय साहेब. माझीच भागू."

मढ्याला न्हाऊ घालायला कुणी पुढं होईना, आणि तिलाही तेच हवं होतं. माझ्या लेकीला मीच घालते म्हणाली. पोरीच्या उजव्या दंडावर विंचू गोंदलेला होता. भागूच्या दंडावर तुळस होती. कुणाची गं तू, असं झुंबरबाईच्या मनात आलं आणि तिनं ते तिथंच दाबलं. विंचवावर जाड हळद थापली, वरून पदर घट्ट गुंडाळला. भुजंगानं अग्नी दिला.

खरं मरण नंतर सुरू झालं. मयत इथं झाली म्हणून सुतकही इथंच, आणि घर माणसांनी भरलं. भुजंग दिवसभर त्याच मागच्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. सासूची दया येऊन नव्हे. अमीनसाहेबांनी दहाव्यापर्यंत गाव सोडायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्याच्या पाठीमागं वीतभर मातीच्या पलीकडं त्याची बायको ज्वारीत बसून आपलंच सुतक ऐकत होती. बायका ओढ्यावर गेल्या की झुंबरबाई फळी सरकवून भाकरीचा तुकडा आणि ओला फडका आत सोडायची. कधी दिवस दिवस तेही जमायचं नाही.

आणि ज्वारीचा धुरळा भागूच्या घशात जायचा. खोकल्याची पहिली ढास आली तशी झुंबरबाईनं ऊर बडवून असा टाहो फोडला की पुंजारामच्या हातची चिलीम पडली. मग तसंच सुरू झालं. आत खोकला, बाहेर टाहो. खोकला थांबला की हीही थांबायची. बायका म्हणाल्या, बघा, आईची माया अशी असती, आपण उगीच बोलत होतो तिला. भुजंगानं एकदा कान देऊन विचारलं, "मामी, भितीत काय वाजून राह्यलं?" घुशी झाल्यात म्हणून तिनं सांगितलं आणि पुन्हा गळा काढला. डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. भीतीनं ते पार सुकून गेले होते.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. भुजंगानं पिंड ठेवला आणि हात जोडून मागं सरला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. कावळा शिवला नाही, तर मेलेलीचा जीव त्याच्यावर अडला आहे, हे साऱ्या गावाला कळणार होतं. झुंबरबाई बायकांत दूर उभी राहून त्याची ती तगमग पाहत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. जित्या माणसाच्या पिंडाला कोणता कावळा शिवतोय!

कावळा आला. वाट पाहायलाही लावलं नाही. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, पुंजाराम म्हणाला, पोरीची काही इच्छा राहिली नव्हती. झुंबरबाईला एकदम आठवलं. सकाळपासून खोकला आला नव्हता. फळी रात्रीपासून बंद होती.

ती पळत सुटली. बायकांना वाटलं, दुःखानं पळाली. घरात शिरून तिनं फळी ओढली, हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपत राहिली, तेव्हा कुठं चार बोटं तिच्या बोटांना लागली.

"माय, पाणी."

पाणी देऊन फळी लावली, तिथंच खाली बसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की कावळा चुकला नव्हता. जिचा पिंड होता तिच्यासाठी तो आला होता.

मंडळी परतली. त्यांच्या मागोमाग एक अनोळखी बाई दारात आली. पाय धुळीनं भरलेले, पदराला भाकरी बांधलेली. तिनं नाव साळूबाई सांगितलं आणि झुंबरबाईला शोधत थेट आत आली.

"म्या अंबडाकडून आले बाई. माझी कावेरी सासरहून निघाली ती घरी पोचलीच न्हाई. सारा मुलूख हुडकून राह्यले. हितल्या हिरीत कुणी घावल्तं म्हणं. तुमीच न्हाऊ घातलं म्हणत्यात." तिनं आपल्या उजव्या दंडाला हात लावला. "हितं विंचू व्हता का?"

भुजंगानं मान वर केली. पुंजाराम झुंबरबाईकडं बघू लागला. तिची पाठ बळदाच्या भिंतीला होती, आणि आत भागूही ऐकत होती. व्हय म्हटलं तर लेकीला आत्ताच्या आत्ता या भिंतीतून ओढून काढतील. न्हाई म्हटलं तर ही बाई मरेपर्यंत गावोगाव फिरेल. झुंबरबाईनं साळूबाईच्या पायांकडं पाहिलं. तिला ते पाहवेनात.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुळस व्हती. माझीच भागू व्हती ती."

साळूबाई मटकन खाली बसली. तोंडभर हसली. "मंग माझी जित्ती हाय," म्हणाली. भोकरदनच्या बाजारात विचारते, कुणीतरी पाहिलं असंल. मग सुतकाच्या घरात आपण हसलो याची तिलाच लाज वाटली. ती सरकत पुढं आली आणि झुंबरबाईचं डोकं तिनं आपल्या छातीशी धरलं.

"रडा बाई. मोकळ्या व्हा. माझी घावंल, पर तुमची काय आता येती?"

भिंतीत खोकला आला. झुंबरबाईनं रोजच्यासारखा टाहो फोडला. आतला खोकला थांबला, पण ती थांबली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या, आणि साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ तिची समजूत घालत राहिली.