ताईच्या वाटेवरचे दिवे

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की ताईच्या अंगणातले दिवे आधी आठवतात.

सगळ्या मराठी मुलखाचं राज्य एक झाल्यावर मेहुण्यांची बदली कोकणात झाली. घर अगदी समुद्राकाठी, गावात वीज नाही. ताईला रातांधळेपण, आणि विहीर घरापासून लांब. एकदा ती पडली. तेव्हा अण्णांनी ठरवलं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारे छोटे दिवे वाटेच्या कडेनं, पायाशी उजेड पडेल असे लावायचे.

धाराशिवला मोटारीच्या सामानाच्या दुकानात पत्र्याचे आणि पितळी असे दोन प्रकार होते.

"पितळी घ्या, मास्तर. झकास दिसतील."

"पितळ अंगणात ठेवलं तर सकाळी जागेवर असतं का?"

"मग पत्रा घ्या. आमच्या आज्याची पेटी अजून हाय."

"समुद्राच्या हवेत टिकेल ना?"

"समुद्र म्या कुठं बघितलाय? नळदुर्गाचं पाणी बघितलंय तेवढं."

अण्णा हसले. त्यांनीही समुद्र पाहिला नव्हता, मीही नाही. पत्र्याचे दिवे घेतले आणि मेहुण्यांबरोबर पाठवून दिले.

पुढं दिवाळीला ताईला आणायला आम्ही दोघं गेलो. दिव्यांच्या टोप्यांना बोट लावलं की पापुद्रे गळत होते. एकच दिवा जळत होता. ताई कळशी घेऊन, कुंपणाच्या गडग्यावर हात फिरवत विहिरीकडं निघाली. अण्णा तिच्या मागून चालले.

"सवय झालीय, अण्णा. इथं लोखंडाचं असंच होतं."

"आणि पितळ?"

"होड्यांवर असतं की. हिरवं पडतं, पण टिकतं."

"कुणी नेत नाही?"

"नेऊन लावणार कुठं? कुणाचा दिवा कुठला, ते गावाला पाठ आहे."

घरी आल्यावर अण्णांनी आपलं अंघोळीचं पितळी घंगाळ उचललं आणि तांबटाकडं नेऊन दिलं, दिव्यांच्या टोप्या करायला.

"आता तुमचं पाणी कशात काढू?" आईनं विचारलं.

"बादलीत."

"तुळजापूरहून हौसेनं आणलं होतंत."

"बादलीतलं पाणीही ओलंच असतं."

दिवाळी झाल्यावर ताईला पोचवायला ते स्वतः गेले, मी बरोबर होतो. दिवे बसवून झाले तरी त्यांनी निघायचं नाव काढलं नाही. रोज तिन्हीसांजेला ते ओट्यावर बसून वाटेकडं बघत. पहिले काही दिवस ताईचा हात सवयीनं गडग्याकडं जाई. मग एका संध्याकाळी ती भरली कळशी कमरेवर घेऊन वाटेच्या मधोमध चालत आली, दुसरा हात नुसता हलत होता. अण्णांनी मेहुण्यांना सकाळच्या एसटीची वेळ विचारली.