विहीर बंद केली त्या दिवशी
सूनबाई लाल औषधाच्या पाण्यात मेथी धुवायला बसली, की त्या गुलाबी रंगाकडे माझ्याने बघवत नाही. जव्हार संस्थानात मी कंपाउंडर होतो तेव्हाची गोष्ट. खोडाळ्याच्या पलीकडे एका पाड्यावर पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, दोन माणसं गेली होती. भर वैशाखात मी तिथे पोचलो, विहिरीत जंतू मारायला हेच लाल औषध कालवलं आणि वरचा हुकूम ऐकवला, की उद्या सकाळपर्यंत इथलं पाणी कोणी भरायचं नाही. बायका रिकामी मडकी घेऊन निघून गेल्या, तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. घटकाभराने त्या ओढ्याकडून भरली मडकी घेऊन चढताना दिसल्या. त्याच ओढ्यात, वरच्या अंगाला, आजाऱ्यांच्या गोधड्या धुतल्या जाताना मी सकाळी येता येता पाहिलं होतं. मी धावलो, ओरडलो, एकेक मडकं ओतायला लावलं. तापलेल्या कातळावर ते पाणी बघता बघता सुकलं. एक म्हातारी पुढे आली. "मंग आज पोरांनी प्यावा काय, डाक्तर?" तिची नजर माझ्या खांद्यावरच्या फिरकीच्या तांब्यावर होती. त्यात जव्हारहून आणलेलं उकळलेलं पाणी होतं. माझा हात झाकणाकडे गेला, तो ते आणखी घट्ट करायला. मग चुली मांडल्या, ओढ्याचं पाणी खळखळा उकळवलं आणि दिवस मावळताना सगळ्यांनी ते कोमट पाणी प्यायलं. तांब्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.