वादळदेवाच्या गावचा माणूस

मंगळवारी माझी बायको रीटा वारली.

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, आमच्या शेजारी सीरियाच्या किनाऱ्यावरचा एक निवृत्त इतिहासशिक्षक राहतो. ढग गडगडले की तो कुंपणापाशी यायचा आणि शब्दाशब्दाला थांबत इंग्रजीत म्हणायचा, "ऐकलंस? आमचा बआल बोलतोय." बआल म्हणजे त्याच्या मुलखातला प्राचीन वादळदेव. मी वसईचा कॅथलिक. "बायबलात तो खोटा देव आहे," असं मी चिडवलं की तो हसायचा. "तुमचे लोक जिंकले, मेट. पुस्तक त्यांनी लिहिलं."

दफनविधीहून आल्यावर मी रीटाच्या पलंगाशी जमिनीवर बसलो, तो उठलोच नाही. मेहुणी सारखी म्हणत होती, "भावोजी, वर बसा. ती देवाघरी गेली, रडायचं नाही." मला रडू येतच नव्हतं.

संध्याकाळी तो इतिहासशिक्षक आला. त्याचे गुडघे धरलेले असतात, तरी भिंतीचा आधार घेत तो माझ्याशेजारी खाली बसला. म्हणाला, "बआल मेला तेव्हा देवांचा बाप एल सिंहासनावरून उतरला. जमिनीवर बसला आणि त्याने डोक्यावर माती घालून घेतली. त्याला कुणी वर बस म्हणालं नाही."

तेव्हा मी रडलो. खूप वेळ रडलो.

"पण बआल परत आला ना?" मी शेवटी विचारलं.

"आला. पाऊस घेऊन आला. पण तो देव होता."

रीटा आलेली नाही. मी आता खुर्चीवर बसून जेवतो, आणि रडू आलं की रडतो.